उलटा बसवलेला ॲक्सल

माझं वाटोळं हेडमास्तरांनी केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना अजून 'सर' म्हणतात, आणि तेच मला भोवलं. मी ट्रेलर आहे, मोटारीमागे जोडतात तो, दोन चाकांचा. आदर दाखवायची आता इच्छा उरली नाही, म्हणून यापुढे मी त्यांना म्हातारा म्हणेन.

मला विकत घेतलं म्हाताऱ्याच्या सुनेनं. ती मधमाश्या पाळते. जिकडे फुलोरा, तिकडे पेट्या न्यायच्या. नोकरी सोडून तिनं हा धंदा उभा केला होता. त्यावर म्हाताऱ्याचा रोज जेवताना एकच विनोद: "माश्या मारत बसण्यापेक्षा पाळलेल्या बऱ्या, काय?" हसायचा तो एकटाच.

माझा पहिला ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, टोकांशी वर वळलेला होता, म्हणून मी जमिनीलगत चालायचो. डांबरी रस्त्यावर ठीक होतं. शेताच्या वाटेवर माझं पोट दगडांवर घासायचं, पेट्या हादरायच्या, माश्या चवताळायच्या. शेवटी सुनेनं ठरवलं, जास्त वजन पेलणारा सरळ ॲक्सल टाकायचा आणि मला चार इंच उंच करायचं.

नवा ॲक्सल गॅरेजात आला. मधोमध किंचित वर वाकवलेला. तो तसाच बनवतात. वजन पडलं की सरळ होतो आणि चाकं ताठ उभी राहतात. वरची बाजू कळावी म्हणून त्यावर पांढरा बाणही काढलेला होता.

म्हातारा 'सहज' आला होता. खिशातून पट्टी काढून त्यानं ॲक्सलवर धरली.

"वाकडा आहे हा."

"बाबा, तो तसाच असतो. बाण बघा ना."

"बाण कुणीही काढेल. वजन वरून येणार ना? मग पोट आधीच खाली असलं तर आणखी वाकेल कशाला? फिरवा."

सुनेनं मिस्त्रीकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना!"

मिस्त्री आयुष्यभर हेच काम करत आलाय. पण तो नववीत याच म्हाताऱ्याच्या वर्गातून पळालेला. केस पिकलेला माणूस, चक्क हाताची घडी घालून उभा राहिला.

"ताई, सर म्हणतायत तर..."

शिसारी आली मला. म्हाताऱ्याची आलीच, मिस्त्रीची जास्त. त्याला सगळं कळत होतं. तरी त्यानं स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका ॲक्सलच्या उलट्या बाजूला वेल्ड केल्या. बाण जमिनीकडे गेला.

उंची वाढली, त्यामुळे म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचा, "जरा डोकं लावलं." इकडे माझी चाकं वरून आत झुकलेली. टायरची आतली कड झिजत होती, आणि ती बाहेरून दिसत नाही.

एक दिवस सून माझ्याखाली आडवी झाली. टायरवर बोट फिरवलं तर रबराखालच्या तारा टोचल्या.

"बाबा, ॲक्सल उलटा आहे. टायर आतून संपलेत."

"टायर नकली असतील. दुकानदाराशी भांड."

तिनं मिस्त्रीला फोन केला. त्या शहाण्यानं आधी म्हाताऱ्याला विचारलं! म्हातारा म्हणाला, घाई नाही, पुढच्या आठवड्यात बघू. फुलोरा दहा दिवसांचा, तो कुणासाठी थांबतो? एकच जादा टायर होता, तो तिनं डावीकडे चढवला. उजवा तसाच राहिला. चोवीस पेट्या भरून आम्ही सकाळी निघालो.

उतारावर उजवा फुटला. मी कलंडलो. पेट्या फुटल्या, डांबरावर मध पसरला आणि त्यात माश्या लडबडून मेल्या. डंख झालेल्या हातांनी सून फळ्या उचलून पोळी बघत होती, एखादी राणी तरी जिवंत सापडते का म्हणून. एकही सापडली नाही.

म्हातारा रिक्षानं आला. लांबच उभा राहिला.

"वेगात चालवत असशील."

तिनं आणखी एक फळी उचलली. पुढच्या महिन्यात ती जुन्या ऑफिसात परत गेली. मिस्त्री अजून त्याला वाकून नमस्कार करतो.

माझा सांगाडा मधोमध वाकला. दुरुस्त होणार नाही म्हणून मला भंगारात काढलं. मी चौदा महिने रस्त्यावर होतो.