खुर्चीतला सिक्स्टेन

गुनिला फाटकातच किंचाळली. हातातली केकची पेटी बर्फात पडली.

“आई! अगं आई, बाबांचं जॅकेट कुणी घातलंय?”

मायवूर हात पुसत दारात आली. “कुणी नाही गं. बाहुलं आहे ते. ये आत, थंडी शिरतेय घरात.”

सफरचंदाच्या झाडाखाली, लाकडी खुर्चीत सिक्स्टेन बसला होता. म्हणजे त्याचं निळं जॅकेट, गवत भरलेली विजार, उपड्या बादलीवर चढवलेली कानटोपी आणि मांडीवर उताणा ठेवलेला चामडी हातमोजा. मोज्यात सूर्यफुलाच्या बिया. खरा सिक्स्टेन, मायवूरचा नवरा, ऑक्टोबरपासून चर्चमागच्या दफनभूमीत होता.

लोक बुजगावणं करतात ते पाखरं हाकलायला. सिक्स्टेन करायचा ते पाखरं बोलवायला. नगरपालिकेचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीची रीत लागे. दोन आठवडे बाहुलं बसवायचं, मोज्यात दाणे ठेवायचे, पाखरांची भीड चेपू द्यायची. मग एका सकाळी बाहुलं उचलायचं आणि तेच कपडे घालून आपण तिथे बसायचं, न हलता. काळ्या डोक्याचं, पिवळ्या पोटाचं, मुठीत मावेल एवढं एक पाखरू त्याच्या बोटावर येऊन बसे. त्या मुलुखात त्याला ‘चरबीचा बैल’ म्हणतात, आणि खाण्यात ते आहेही तसंच.

मायवूर हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. कॉफी झाली की अंगठीनं काच वाजवायची. पाखरू भुर्रकन उडायचं आणि सिक्स्टेन ओरडायचा, “आत्ताशी आलं होतं ना ते! काच कसली वाजवतेस!” कधीकधी कॉफी व्हायच्या आधीच ती काच वाजवायची. तिला त्या पाखराचा हेवा वाटायचा, पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

यंदाचं बाहुलं त्यानं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसवलं. दोन आठवडे पुरे व्हायच्या आत तोच गेला. बाहुलं तिथेच राहिलं आणि मायवूर रोज सकाळी मोजा भरत राहिली.

“शेजारीपाजारी काय म्हणत असतील?” गुनिलानं टेबलाशी बसत विचारलं.

“पलीकडचा टागे रोज फाटकावरून हात करतो त्याला. सवयच ना. परवा म्हणाला, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची तर मेल्यावरही गेली नाही. अजून आपला पाखरांना चारतोय!’”

“हसतात तुला लोक.”

“हसू देत. एवढ्या थंडीत हसतोय कुणीतरी, काय वाईट आहे?”

“चेष्टा नको, आई. माझ्याकडे चल. इस्टरपर्यंत तरी.”

“आणि पाखरांचं? एकदा दाणा सुरू केला की बर्फ वितळेपर्यंत थांबवायचा नसतो. ती त्याच्याच भरवशावर असतात. तुला काय सांगायला हवं?”

“पाखरं, पाखरं! तुला माणसं आहेत की नाहीत?”

मायवूरला माणसं होती की. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिनं पोरांना वाढलं होतं. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. एकतीस वर्षं समोर कुणी ना कुणी ताट धरून उभं असायचं. आता घर खायला उठत होतं, आणि वाढून घ्यायला उरला होता तो एक मोजा.

गुनिला उठली. “मी काढतेच ते. बाबा तिथे गारठत बसलेत असं वाटतं. मला नाही बघवत.”

“हात लावू नकोस त्याला!”

एवढ्या मोठ्यानं मायवूर पोरीवर कधीच ओरडली नव्हती. गुनिलाचे डोळे भरून आले. “मलाही आठवतात गं ते, आई. मलाही,” ती म्हणाली आणि उजेड आहे तोवर निघून गेली. केक तसाच राहिला.

रात्री वारा सुटला. सकाळी मायवूर बियांचा डबा घेऊन बाहेर आली तर खुर्ची मोकळी. बाहुलं तोंडावर पडलेलं, बादली गडगडत कुंपणापाशी गेलेली. तिनं ते उचलायला पाहिलं तर कमरेत दुमडलं. ओलं होऊन गोठलेलं गवत ढेकळांसारखं खाली पडलं आणि तिच्या हातात नुसतं जॅकेट राहिलं. ते भरण्यासारखं घरात काही नव्हतं. ती तशीच उभी राहिली. आपला नवरा दुसऱ्यांदा गेला असं तिला वाटलं, आणि या वेळी तर कुणी भेटायलाही येणार नव्हतं.

कुंपणावरची पाखरं मोज्याची वाट बघत किलबिलत होती.

तिनं जॅकेट झटकलं आणि अंगात घातलं. बाह्या लांब झाल्या. टोपी ओढली, मोजा चढवला, त्यात बिया घेतल्या आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर, उताणा. वाढताना हात थरथरता कामा नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

बराच वेळ गेला. फाटकावरून टागे जाताना दिसला. त्यानं सवयीनं हात केला. ती हलली नाही.

मग ते आलं. आधी खुर्चीच्या पाठीवर, मग गुडघ्यावर, मग अंगठ्यावर. त्याला वजन असं नव्हतंच. नुसते नखांचे इवलेसे चिमटे मोज्यातून कळत होते. सिक्स्टेनला रोज हे कळत होतं तर! मायवूरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, गालावर गार पडत गेलं. पुसायला हात उचलता येत नव्हता.

तिनं नुसते डोळे वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पाखरू निवांत एकेक बी उचलत होतं. काच वाजवायला आत कुणी नव्हतं.