लाल पट्ट्याच्या कुंडीची काळजी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. काठाचा टवका उडाला आहे, गळ्याभोवती लाल रंगाचा पट्टा आहे आणि स्वभाव पहिल्यापासून घाबरट. भाजीपाल्याच्या नव्या वाणांची परीक्षा घेतात, त्या काचघरात मी राहते.

मित्रांनो, कुंभाराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, माझ्यात एखादं फुलझाड लावतील आणि मी कोणाच्या तरी खिडकीत बसेन. पण इथे आल्या आल्या परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी ब्रश घेतला आणि हा पट्टा ओढला. शेजारच्या आठ कुंड्यांत टोमॅटोची नवी वाणं आणि माझ्यात मात्र एक जुनं, नाजूक वाण. सगळ्यांत सूत्रकृमींचं पाणी ओतायचं. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. ते मुळांत शिरतात, मुळांवर गाठी येतात आणि झाड पाणी असूनही कोमेजतं. माझ्या झाडाला गाठी आल्या म्हणजे कृमी जिवंत होते, आणि मग ज्या वाणाची मुळं स्वच्छ राहिली, ते पास. आजारी पडणं हेच माझ्या झाडाचं काम. दर वेळी त्या गाठी माझ्या अंगाला टोचायच्या आणि मला वाईट वाटायचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. पाहुणे आले की साहेब मला पुढे करायचे. "हिच्याशिवाय परीक्षाच नाही," म्हणायचे. पण उत्तर दर वेळी तेच, म्हणून हळूहळू माझ्याकडे बघणं बंद झालं.

मग ती चूक झाली. इथे जुने कृमी मरावेत म्हणून माती आधी वाफवतात आणि दिवसभर निवू देतात. त्या दिवशी साहेब घाईत होते. त्यांनी वरवर बोट लावलं, "निवली" म्हणाले, कृमींचं पाणी ओतलं आणि रोपं दुसऱ्या दिवसावर ठेवून निघून गेले. माझ्या पोटात माती चटके देत होती! मी ओरडून सांगणार कशी? पुढचे पन्नास दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. एकही गाठ टोचत नव्हती.

मुळं धुण्याचा दिवस उजाडला. ते काम काचघरात मदतीला असलेल्या मावशींचं. त्यांची धाकटी बहीण क्रेट घेऊन दारातच उभी होती. गेल्या वर्षी तिचे सगळे टोमॅटो गाठींनी गेले होते. पास झालेल्या वाणाची रोपं तिला देईन, असा साहेबांनी शब्द दिला होता. रोपं तयार होती.

"आठवीही स्वच्छ!" मावशी म्हणाल्या.

"सगळीच पास?" साहेब म्हणाले. "मग तुमच्या बहिणीला हवं ते घेऊ दे."

"ही लाल राहिली, साहेब."

"तिचं काय बघायचं? गाठीच असणार. लिहून टाकतो."

मावशींनी मला उपडं केलं, सवयीने रोप पाण्यात बुडवलं आणि त्यांचा हात थांबला. मुळं पांढरीशुभ्र होती. त्यांनी ती पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली.

"ताई, आवर ना," दारातून हाक आली. "उद्या लागवड करायचीय."

मावशींनी एकदा बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, आता रोप ढिगावर टाकतील आणि गप्प बसतील.

"साहेब, हिलाही एक गाठ नाही. कृमी मेलेलेच होते बघा."

साहेबांचं पेन तिथेच राहिलं. "माती गरम होती," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकलं. रोपं देता येणार नाहीत."

"ताई, तू बोलली नसतीस तर?" बहीण म्हणाली. "माझी लागवड गेली!"

"तर तुझं रान मीच नासवलं असतं गं."

बहीण रिकामे क्रेट घेऊन गेली. मावशी कितीतरी वेळ तोच नळ धूत बसल्या.

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी साहेबांनी कोपरापर्यंत हात घालून माती बघितली. आणि मी? आपलं रोप आजारी पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते! विसाव्या दिवशी पहिली गाठ टोचली. मला रडू आलं आणि हायसंही वाटलं. आठांपैकी सात वाणं गाठींनी भरली. फक्त तीन नंबर स्वच्छ राहिलं.

त्याची रोपं पुढच्या हंगामात बहिणीच्या रानात लागली. ती मावशींशी अजून मोजकंच बोलते. तिच्या रानात जमिनीखाली काय चाललंय, ते मला इथून कळत नाही, म्हणून काळजी काही सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही कामात एखादी अशी कुंडी असेल, जिचं उत्तर सगळ्यांना पाठ झालंय. तिला टाकून देऊ नका. तिची मुळं धुवा आणि दिसेल तेच लिहा, दारात आपलं माणूस उभं असलं तरीही.