वरणाची शिट्टी

"भाभी, दाल चढ़ा दी का?" जयसिंगने दारातूनच विचारलं आणि पेढ्यांचा पुडा नीलकंठच्या हातात दिला. वर्षभराने उगवला होता. आल्या आल्या वरणाची चौकशी करण्याइतका तो कधी प्रेमळ नव्हता.

घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारा नीलकंठ दिवसा कचेरीत कारकून. संध्याकाळी ओरछा गेट वस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत तो बुंदेली गाणी रेकॉर्ड करी. सव्वीस गाणी केली, एकही चाललं नाही. गाणं कशाने चालतं हे त्याला कळलं नव्हतं, आणि कळतं म्हणणाऱ्यांनाही कळत नसावं. समथर गावाहून आलेल्या जयसिंगला त्याने श्वास कुठे तोडायचा इथपासून शिकवलं. नीलकंठच्या बायकोने, अंबिकाने, जयसिंगला दोन वर्षं जेवू घातलं.

सत्ताविसाव्या गाण्यात जयसिंगने सूर लांबवला आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नेमकी समेवर.

"पुसून टाका हो ते," अंबिका ओशाळून म्हणाली. नीलकंठने ठेवलं, आणि गाणं त्या शिट्टीवरच गाजलं. दूरच्या गरौठा गावापर्यंत वराती तिच्यावर नाचल्या.

इकडे गाण्याच्या सुरुवातीला ते बनवणाऱ्याचं नाव बोलायची रीत आहे. जयसिंगने बोललंही होतं, 'नीलकंठ भैया, ओरछा गेटवाले'. पण जयसिंग दिल्लीला गेला आणि तिथल्या कंपनीने तेच गाणं काढलं तेव्हा त्या जागी जयसिंगच्याच आवाजात होतं, 'जयसिंग की पेशकश'. नीलकंठने ते भाजीवाल्याच्या मोबाइलवर ऐकलं. दोडकी निवडली आणि घरी आला. आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. परक्याने लुबाडलं असतं तर निदान चार शिव्या घालता आल्या असत्या.

"कंपनीवालों ने काट दिया, भैया," जयसिंग आता म्हणाला.

"पर आवाज तो तुम्हारी है. कंपनी तुम्हारे गले से बोली क्या?" नीलकंठने विचारलं.

जयसिंग थेट कामाचं बोलला. "मेले में प्रोग्राम है, भैया. पब्लिक सीटी माँगती है. दिल्ली में कितने कुकर बजा लिए, वो बात नहीं आती. हमें वो सीटी अलग करके दे दो."

"अलग नहीं होगी. माइक एक ही था. तुम्हारा गला और सीटी साथ बँधे हैं."

"तो भाभी का कुकर अभी रिकॉर्ड कर लेते हैं." जयसिंगने मोबाइल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. आत अंबिकाने वरणाचा कुकर चढवलेलाच होता.

नीलकंठ उठला. त्याने खिडकी लावली, पंखा बंद केला. रेकॉर्डिंग म्हटलं की हात आपोआप चालत. आपण काय केलं ते कळल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण तोवर घर शांत झालं होतं. तिघेही थांबले. कुकर फुसफुसू लागला, वरचं वजन हललं.

अंबिकाने गॅस बंद केला.

फुसफुस विरत गेली. जयसिंग अजून वाकून ऐकत होता.

"आज वरण कच्चं राहिलं तरी चालेल आपल्याला," ती नवऱ्याला मराठीत म्हणाली.

"भाभी का कह रहीं, भैया?"

नीलकंठने पंखा लावला आणि दोनच पाट मांडले.