विणलेलं

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव टिश्यू. जुन्या फ्रेंच भाषेत माझा अर्थ होता ‘विणलेलं’. इंग्रजांकडे आलो, तेव्हा जरीच्या तलम कापडाला माझं नाव मिळालं. पुढे पातळ कागदालाही मी चिकटलो. मग डॉक्टरांना माणसाचं मांसही विणल्यासारखं दिसलं आणि मी देहात शिरलो.

रावेरला मात्र मी केळीबरोबर आलो. केळीचा जिवंत कण बाटलीत वाढवायचा, त्यातून होतात टिश्यूची रोपं. शेतकरी उखर्डूआबांनी ती लावली तेव्हा घरातले सगळे कौतुकाने माझं नाव घेत होते.

“बाटलीतली रोपं, बिनमाहेरची. लाड करा लागतीन यायचे,” आबा म्हणाले.

“मी माहेरवाली, माहे कुठी केले?” त्यांची बायको तानुबाई हसल्या.

केळी निसवली, घड लोंबू लागले. त्याच दिवसांत आबांना घास गिळेना. जळगावच्या डॉक्टरांनी घशातला टिश्यू तपासायला पाठवला. नंतर एकट्या हितेंद्रला, आबांच्या मुलाला, आत बोलावून सांगितलं, “टिश्यूत कॅन्सर निघालाय. फार दिवस नाहीत.”

बाहेर बाकावर तानुबाई बसल्या होत्या.

“काय निघालं रे त्या टिश्यूत?”

“काही नाही माय. सूज हाये.”

मी त्याच्या जिभेवर होतो. त्याने मला गिळलं.

घरी आबा रोज म्हणायचे, “एकडाव बागात ने मले. घड पाहू दे.”

“थंडी हाये. बरे व्हा, मंग कापणीलेच जाऊ,” तानुबाई शाल नीट करत म्हणायच्या. त्यांना वाटे, दिवस पुष्कळ आहेत.

आबा संक्रांतीआधीच गेले.

कापणीच्या दिवशी तानुबाई एका घडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तोवर त्यांना सगळं कळलं होतं.

“मले सांगलं असतं, तं पाठीवर बसवून आनलं असतं त्यायले.”

“तुले तरास नको म्हनून, माय.”

“मंग आता नाही का होत?”

हितेंद्रने गाडीतून कागदी टिश्यूचा डबा आणून पुढे धरला. तानुबाईंनी त्याला हात लावला नाही. लुगड्याच्या पदराने डोळे पुसले. किती दिवसांनी मला त्या विणलेल्या पदरात माझा पहिला अर्थ दिसला, आणि तो असा भिजलेला.

मित्रांनो, कडू बातमी घेऊन मी कधी तुमच्या जिभेवर आलो, तर मला गिळू नका. जिचं माणूस जाणार आहे, तिला वेळेत सांगा. आबांच्या खाटेपासून बाग हाकेच्या अंतरावर होती.