कान आणि केरसुणी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चाचपू म्हणाल तर हाताला काही लागणार नाही. कॉम्प्युटर सुरू केला तरच मी दिसतो. कंधारच्या रविकांत सरांनी मला लिहिलं. बसस्टँडजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यांची आई पारूबाई भीमगीतं फार गोड गायची. तिचा आवाज टिकावा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

पारूबाईला अक्षरओळख नव्हती. म्हणून सरांनी मला चित्रांची मोठी मोठी बटणं दिली. तोंड गायला, कान ऐकायला आणि केरसुणी पुसायला. दुसरे प्रोग्रॅम काही पुसण्याआधी मालकाला एकदा विचारतात. सर म्हणाले, "मायला वाचता येत न्हाई, विचारून काय उपेग?" त्यामुळे विचारायचं कसं, हे मला शिकवलंच नाही.

पारूबाई गायची, मग स्वतःच ऐकायची आणि नाक मुरडायची. "लई किरकिरं झालं," म्हणायची आणि केरसुणी दाबायची. गल्लीतल्या बाया मला बघायला यायच्या, सरांचं आणि माझं कौतुक करायच्या. मीही तेव्हा हवेत होतो, खोटं कशाला सांगू?

मग नांदेडहून गाडीवर परतताना सर अपघातात गेले. त्यांची मुलगी धम्मप्रिया तेव्हा तिसरीत होती. क्लास बंद पडला, कॉम्प्युटर घरी आला आणि त्यावर एक जुनं लुगडं पडलं. माझ्याजवळ पारूबाईची दोनच गाणी उरली होती, आणि दोन्हींच्या शेवटी सरांचा आवाज होता. फोटो घरात पुष्कळ होते, आवाज फक्त माझ्याकडे. गेलेल्या माणसाचा आवाज पोटात घेऊन अंधारात बसणं फार अवघड असतं, मित्रांनो. मी झोपलो तरी तो झोपत नसे. पारूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. लेकाचा आवाज ऐकला तर ऊर फुटेल, म्हणायची.

धम्मप्रिया मोठी होऊन नोकरीला लागली. यंदा मात्र पारूबाईच म्हणाली, "धम्मा, डोळे मिटायच्या आधी एकदा ऐकव माय. पुण्यानुमोदनाला, त्याच्या आठवणीच्या दिवशी, माझ्या लेकाचा आवाज घरात होऊ दे." धम्मप्रियाला तर बापाचा आवाज आठवतही नव्हता. तिने नवाकोरा लॅपटॉप आणला होता. जुन्या कॉम्प्युटरमधून मला गाण्यांसकट उचलून त्यात घातलं आणि जुना भंगारात दिला.

तिने मला उघडलं आणि माझा मीच घाबरलो. बटण पडद्याच्या इतक्या ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलांचं, काढायचं, एवढंच मला ठाऊक. जुन्या पडद्याचे ठिपके जाड होते. या पडद्याचे इतके बारीक, की माझी अख्खी खिडकी काडेपेटीएवढी झाली. कान आणि केरसुणी, दोन्ही तिळाएवढी. धम्मप्रियाने डोळे बारीक केले, पडद्याला नाक लावलं आणि अंदाजाने दाबलं. ती केरसुणी होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. एक गाणं कायमचं गेलं.

"आजी, पुसलं गं माझ्या हातानं!" ती रडू लागली.

पारूबाई मग म्हणाली, "एक हाय ना अजून? मग त्याच्यावरला हात काढ आधी."

धम्मप्रियाने लॅपटॉपवरची सगळी अक्षरं मोठी करून पाहिली. बाकीचे प्रोग्रॅम मोठे झाले. मी मात्र पालथा घडा, तसाच राहिलो. शेवटी तिच्या ऑफिसातल्या दयानंदने फोनवर वाट दाखवली. मला न उघडता माझ्या चित्रावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, त्यात कंपॅटिबिलिटी, आणि तिथली हाय डीपीआयची सेटिंग बदलायची. लहान-मोठं करण्याचं काम माझ्याकडून काढून सिस्टीमकडे द्यायचं. तिने ते केलं आणि बुद्धांच्या फोटोकडे एकदा पाहून मला उघडलं.

मी मोठा झालो होतो. कडा जरा धुरकट होत्या, पण कान स्पष्ट दिसत होता. तिने तो दाबला.

पारूबाईचा तेव्हाचा आवाज खोलीत भरला. मध्येच तो चिरकला, खोकला आला. "घसा बसला रे. पुसून टाक हे," ती त्यात म्हणाली. मग सरांचं हसू आलं, आणि त्यांचा आवाज : "पुसू का, माय?"

पुढे काही नाही. तिथेच ते संपतं.

म्हातारी पारूबाई पडद्याकडे वाकली. "नको रे बाबा," ती म्हणाली. "नको पुसू."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं काही असेल. ते उघडण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवा, आणि दिसत नसेल तर अंदाजाने काही दाबू नका. धम्मप्रियाने आता माझी प्रत काढली आहे. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पारूबाई मात्र रोज मला उघडायला लावते. सर रोज विचारतात, आणि ती रोज वाकून त्यांना नको म्हणते.