तक्रार करण्यासारखं काही नाही

ओटर हार्बरमध्ये कुणी कुणाचं कौतुक करत नाही. सून सुगरण निघाली तर सासरा तिसऱ्यांदा ताट पुढे करतो आणि म्हणतो, "चालेल." नवी होडी सरोवरात उतरली की काठावरचे म्हातारे तिच्याकडे पाच मिनिटं टक लावून बघतात आणि "बुडाली नाही अजून" एवढं बोलून कॉफी प्यायला निघून जातात. तांब्याच्या खाणींसाठी फिनलंडहून आलेल्या मजुरांची ही पतवंडं. तांबं संपलं, खाणींना टाळं लागलं, पण तोंडाची काटकसर काही सुटली नाही.

त्यामुळे सोमवारी सकाळी शिकागोहून फोन आला, तेव्हा आइला नीमेलाला आधी कळेचना की अडचण नेमकी कसली आहे.

ती अँब्युलन्सचा मागचा भाग धूत होती. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, हातात पाण्याचा पाइप. पलीकडे, तिने अर्ज केलेल्या कोर्सच्या डायरेक्टर मिसेस व्हिटकॉम्ब होत्या. आवाज मधात घोळलेला.

"तुमचा अर्ज आम्हाला खूप आवडला, आइला. फक्त ते डॉक्टर कांगास यांचं पत्र... ते तुमच्यावर नाराज आहेत का?"

"नाही तर. का?"

"मी वाचूनच दाखवते. 'हिला अकरा वर्षं ओळखतो. तक्रार करण्यासारखं काही आढळलं नाही. काम वाईट नाही.' बस्स. खाली सही."

आइला जागच्या जागी उभी राहिली. पाइपचं पाणी बुटात शिरत होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. वाईट नाही! गावच्या डॉक्टर कांगासांनी असं म्हटलं, तेही लेखी!

"मला कळतंय, तुम्हाला वाईट वाटलं असेल," मिसेस व्हिटकॉम्ब हळुवारपणे म्हणाल्या.

"वाईट? छे हो, किती छान लिहिलंय त्यांनी!"

मग मिसेस व्हिटकॉम्बनी स्पष्टच सांगितलं. असलं पत्र समितीपुढे ठेवता येणार नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दुसरं पत्र आलं, जरा मोकळ्या हाताने लिहिलेलं, तर जागा आइलाचीच.

आइला तेहेतीस वर्षांची. पदवी घेतली ती संगीतात, पितळी हॉर्न वाजवण्याची. त्या पदवीवर पोट भरेना म्हणून अँब्युलन्सवर लागली ती लागलीच. मोठं हॉस्पिटल सत्तर मैलांवर. गेल्या हिवाळ्यात एका मासेमाराच्या छातीवर हात दाबून ती सबंध रस्ता गाडीत गुडघ्यांवर बसून गेली होती. याच्यासाठी काहीतरी करता येण्यासारखं आहे आणि ते आपल्याला येत नाही, हे तिला मैलामैलाला कळत होतं. माणूस वाचला. पण ते 'येत नाही' तिच्या मनातून काही केल्या जाईना. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे तिने वर्षभर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मेडिकलच्या दारात नुसतं उभं राहायचं तरी रसायन, भौतिक, जीवशास्त्र झालेलं हवं. उशिरा जाग आलेल्या अशा पदवीधरांसाठी वेगळे कोर्स असतात. आइलाने दोन ठिकाणी अर्ज केला होता. एक शिकागोचा. एका वर्षात काम फत्ते, कॉलेजचं नाव मोठं, आणि शेवटी त्यांची समिती स्वतः शिफारसपत्र देते, ज्याला मेडिकलवाले सोन्यासारखं तोलतात. दुसरा दीड तासावरच्या सरकारी विद्यापीठाचा. दोन वर्षं, संध्याकाळचे वर्ग, बाकावर शेजारी एकोणीस वर्षांची पोरं. समिती नाही की काही नाही. तिथली जागा तिला मिळालेलीच होती. ज्याला विचारावं तो म्हणे, शिकागो मिळत असेल तर विचार कसला करतेस?

मंगळवारी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर व्हर्नर कांगास अडुसष्ट वर्षांचे, उंच, आणि दारांच्या चौकटी चुकवून चुकवून पाठीत वाकलेले. काउंटरवर डॉरीन बर्तोल्दी. तिचं आजोळ इटलीचं, त्यामुळे गावाच्या वाटचं सगळं बोलणं ती एकटी बोलते.

"काय चुकलं पत्रात?" डॉक्टरांनी विचारलं.

"चुकलं काहीच नाही, डॉक्टर. त्यांना जरा... आणखी हवंय."

"आणखी काय? 'वाईट नाही' लिहिलंय की! चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला मी ते एकदाच म्हटलं. घाबरली बिचारी. म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

डॉरीन खो खो हसली. "अहो डॉक्टर, शिकागोत 'वाईट नाही' म्हणजे वाईटच!"

"मग जे खरंच वाईट असेल त्याला काय म्हणतात?"

"त्याला म्हणतात, 'वेगळंच आहे हं.'"

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद घेऊन आत जाऊन बसले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात डॉरीन दारातून शब्द पुरवत होती.

"विलक्षण, असं लिहा!"

"विलक्षण भूकंप असतो."

"मग एकनिष्ठ लिहा."

"कुत्री आहे का ती?"

बुधवारी दुपारी पत्र आइलाच्या हातात पडलं. एकच पान होतं आणि विशेषण एकही नव्हतं. 'पेशंट माझ्यापर्यंत पोचण्याआधी नीमेलाने गाडीतून फोनवर जे निदान सांगितलं, ते एकोणीस वेळा बरोबर निघालं. दोन वेळा माझं चुकलं होतं आणि तिचं बरोबर होतं. तिने ते चारचौघांत सांगितलं नाही, बाजूला घेऊन सांगितलं. ते दोन्ही पेशंट आज गावात हिंडत-फिरत आहेत. माझ्या घरात कुणी आजारी पडलं, तर गाडीतून तीच यावी असं मला वाटतं.'

आइला बँडेजच्या कपाटाआड गेली आणि पोटभर रडून आली. तोपर्यंत डॉक्टर खिडकीबाहेर असं बघत उभे होते, जणू वाहनतळावर काही मोठं घडतंय.

"आकडे बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहेत."

"मग पाठव."

गुरुवारी सकाळी शिकागोचा फोन. "अप्रतिम पत्र!" मिसेस व्हिटकॉम्बचा आनंद खरा होता. "जागा तुमची. उद्या बारापर्यंत फक्त 'हो' कळवा. आणि हे सांगायला हवंच, आमच्या समितीच्या पत्रावर अर्ज करणाऱ्यांपैकी पंच्याण्णव टक्के विद्यार्थी मेडिकलला जातात."

'हो' आइलाच्या ओठांवर आलंच होतं. ती आगीच्या बंबांच्या शेडपाशी उभी होती, समोर सरोवराचा बर्फ राखाडी पडत चालला होता. एप्रिलअखेरचा बर्फ. मासे धरायला गेलेल्या माणसांना घेऊन तो कधी काठापासून सुटेल, काही नेम नसतो. आठ वर्षांपूर्वी असाच सुटला, तेव्हा बचाव पथकाने काठावर आलेली माणसं मोजली, नऊ भरली, सगळे सुखरूप म्हणून लोक टाळ्या पिटू लागले. दहावा अजून बर्फावर होता. अंधार पडताना सापडला, तीन बोटं गमावून. त्या दिवसापासून आइला काठावरची माणसं मोजत नाही. ती आधी विचारते, बर्फावर किती गेले होते?

"मॅडम," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी वर्गात किती असतात?"

"म्हणजे?"

"सुरुवातीला. एकूण."

"तीस."

"आणि समितीचं पत्र किती जणांना मिळतं?"

"दरवर्षी सारखं नसतं. गेल्या वर्षी वीस जणांना."

"त्या विसांतले एकोणीस मेडिकलला गेले. आणि बाकीचे दहा?"

"ते आपापला दुसरा मार्ग निवडतात."

"कुठला?"

"तशी नोंद आम्ही ठेवत नाही, आइला. खरं सांगायचं तर कुणीच ठेवत नाही."

बाई खोटं बोलली नव्हती. आकडा खरा होता, मोजणी काठावरची होती, एवढंच. आइलाने आभार मानले आणि उद्या कळवते म्हणून फोन ठेवला. मग विद्यापीठात फोन लावला. तिथल्या सल्लागार इर्या लाहती यांचा आवाज खरखरीत, दर वाक्यानंतर कॉफीचा घोट.

"तुमच्याकडे आतापर्यंत किती जणांनी सुरुवात केली?"

"सहा वर्षांत अकरा."

"आणि पोचले किती?"

"पाच मेडिकलला गेले. दोघं येत्या वर्षी अर्ज करतील. दोघी नर्सिंगकडे वळल्या, मजेत आहेत. एक जण लग्न करून अलास्काला गेला, नाताळला त्याचं कार्ड येतं." घोट. "आणि एक पहिल्या परीक्षेनंतर आलाच नाही. त्याला मी अजून फोन करते. उचलत नाही."

आइलाने बोटांवर मोजलं, अकराच्या अकरा भरले.

"तुझ्या अर्जातलं डॉक्टरचं पत्र वाचलं मी," इर्याबाईच पुढे बोलल्या. "कांगासने 'वाईट नाही' लिहिलं? माझ्या मोठ्या भावाबरोबर शाळेत होता तो. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं ते पत्र."

"मला जमेल का?"

"रसायन अवघड जाईल. रडशील. पण ऑफिस सहापर्यंत उघडं असतं."

त्या दिवशी आइलाने स्वतःला उलटसुलट प्रश्न विचारले. शिकागोला आपण घाबरतोय का? घाबरत होती, नाही कशाला म्हणायचं? त्या दहांत आपण असू असं वाटत होतंच. पण रसायन इथेही तेच, आणि बुडायचं असेल तर माणूस इथेही बुडेल. फक्त इथे पहिल्या परीक्षेनंतर ती दिसली नाही, तर कुणीतरी फोन करत राहणार होतं. तेवढ्या भरवशावर आपण दोन वर्षं काढू, नेटाने काढू, असं तिला आतून वाटलं आणि कितीतरी दिवसांनी भूक लागली.

शुक्रवारी साडेअकराला तिने शिकागोला नकार कळवला आणि दवाखान्यात येऊन तसं सांगितलं.

"शिकागोला नाही म्हणालीस?" डॉरीनने कपाळावर हात मारून घेतला. "लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही तोंड धुवायला गेली! अगं, लोक त्या नावासाठी जीव टाकतात."

"ज्यांनी टाकला त्यांची नोंद ठेवत नाहीत तिथे," आइला म्हणाली. डॉरीनला ते काही कळलं नाही, पण डॉक्टरांनी मान वर केली.

"म्हणजे माझं पत्र वाया गेलं?"

"नाही डॉक्टर. विद्यापीठात समिती नाही, पत्रं आपली आपण जमवायची. मेडिकलच्या अर्जाला हेच लावणार."

"बरं झालं. दुसरं मी लिहिलं नसतं."

ते तिथेच उभे राहून बोटं मोजू लागले. "दोन वर्षं तिकडे. एक अर्जाच्या भानगडीत. चार मेडिकलची. पुढे तीन हॉस्पिटलात." मोजून झाल्यावर जरा थांबले. "दहा. मी अठ्ठ्याहत्तरचा होईन."

"कशाला मोजताय?" डॉरीनने विचारलं.

"माझा बाप ब्याण्णवाव्या वर्षी लाकडं फोडत होता," डॉक्टर म्हणाले. "डॉरीन, त्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना फोन लाव. जूनमध्ये दवाखाना बंद करतोय असं मी त्यांना कळवलं होतं."

डॉरीन खुर्चीतून उठलीच. "बंद? मला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"आता सांगण्यासारखं राहिलं नाही. त्यांना म्हणावं, कांगास थांबतोय."

"आणि कधीपर्यंत असं विचारलं तर?" डॉरीनने फोन उचलत विचारलं.

डॉक्टर खोलीकडे वळले, सवयीने चौकटीखाली वाकले.

"सांग, डॉक्टर नीमेला येईपर्यंत."