केसरदेवीच्या आधी मला नाव नव्हतं

“भंगारातून झाली ना? मग मिलचीच!” अप्पासाहेबांनी काठी आपटली.

“मग माझ्या भावाच्या छातीतला कापूसही मिलचाच होता,” इंदुमती म्हणाली. “तो का नाही परत नेलात? तो तर नऊ दिवसांपूर्वी त्याच्याबरोबर जाळावा लागला.”

मी बोलतेय. भंगार म्हणाले ना, तीच. परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या चाळीत, सोळा नंबरच्या खोलीत, पाटावर मांडलेली आठ चाकांची गाडी. चंद्रावर चालायची गाडी. खरी नव्हे, नमुना. पण खरीच्या तोडीची आहे हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण सांगणारा दुसरा कोणी उरला नाही. ज्यांना नम्र वस्तू आवडतात त्यांनी एखाद्या उदबत्तीच्या घराचं आत्मवृत्त ऐकावं.

भांडण माझ्या नावावरून पेटलं होतं, आणि नावापाशी एका बाईचं छप्पर टांगलेलं होतं. ते सगळं सांगते. आधी मी झाले कशी ते ऐका.

मध्य प्रदेश होऊन चौदा वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात रशियानं चंद्रावर आठ चाकांची गाडी उतरवली. बातमी आमच्या घरात आणली ती इंदुमतीनं. ही मला घडवणाऱ्या दिनानाथची थोरली बहीण, भंवरकुआंच्या पलीकडे दिलेली, जिकडे तेव्हा हरभऱ्याची शेतं होती. शाळेचा उंबरा तिनं पाहिला नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून ती वाचायला शिकली, आणि पुढं तर भल्याभल्यांना वाचून दाखवायला लागली. शेंगदाण्याच्या पुडीवर तिला त्या गाडीचा फोटो दिसला. शेंगदाणे तिनं पदरात ओतले आणि कागद भावाकडे घेऊन आली.

“दिनू, हे बघ. बिनमाणसाची गाडी. तिकडे हवा नाही म्हणे.”

“हवा नाही?” दिनानाथ खोकत हसला. “मग आमच्या खात्यासारखंच की, ताई.”

दिनानाथ मिलमध्ये फिटर होता. त्याचा बाप खानदेशातून रेल्वेच्या नोकरीवर आला आणि इंदूरचाच झाला. मुलगा कापूस पिंजायच्या खात्यात यंत्रं दुरुस्त करायचा. तिथं दिवसाउजेडी धुकं असतं आणि ते धुकं कापसाचं असतं. पंधरा वर्षं त्यानं ते गिळलं. मिलच्या दवाखान्यात त्याला सांगितलं, सिगरेट सोड. त्यानं जन्मात सिगरेट ओढली नव्हती. ओढायला हवी होती, निदान काही सोडल्याचं समाधान तरी मिळालं असतं.

माझं अंग म्हणजे वनस्पती तुपाचा मोठा डबा. चाकं म्हणजे सुताच्या जाड रिळांच्या कडेच्या लोखंडी चकत्या, मिलनं मोडीत काढलेल्या. पोटात भिंतीवरच्या बंद घड्याळाची कमान. डोळे त्याच्या बापाच्या चष्म्याचे. झाकण बिजागरीवर उघडतं, कारण रशियाची गाडीही दिवस उगवला की झाकण उघडून ऊन खाते असं त्या कागदावर छापलं होतं. कागद जिथं फाटला होता तिथून पुढचं सगळं दिनानाथनं डोक्यानं रचलं. तो भाग जास्त चांगला झालाय.

चालून बघायला त्यानं मिलच्या बॉयलरची राख मागून आणली आणि चाळीच्या अंगणात पसरली. राखेत खड्डे केले, विटांचे तुकडे टाकले. अख्खी चाळ चंद्र बघायला गोळा झाली. मी पहिली वीट चढले, दुसरीवर उलटी पडले. लोक हसले. दिनानाथ हसला नाही. खाली बसून त्यानं माझी पुढची दोन चाकं मोकळी केली आणि वेगळ्या कोनात बसवली. त्याचा श्वास तेव्हा माझ्या पत्र्यावर पडायचा. शिट्टीसारखा आवाज यायचा त्यात.

शेजारचा रघुवीर मिलमध्ये पाट्या रंगवायचा. त्यानं विचारलं, “दिनू भिया, नाम क्या रखोगे? सांग, मी झकास अक्षरं काढतो.”

“आधी चालू दे नीट. मग बारसं करू,” दिनानाथ म्हणाला. “पाळणा बांधू आणि ताईला बोलवू. आत्या आहे ती हिची.”

गंमत होती. पण चाळीत गंमत लवकर पसरते. ती मिलच्या ऑफिसात पोचली आणि तिथून अप्पासाहेबांच्या कानावर गेली. अप्पासाहेबांचे वडील होळकर दरबारात कारभारी होते. दरबार गेला, कारभार राहिला. आता हे मिलमध्ये मजुरांच्या खोल्या, लग्नं, मयती बघत. शिवाय लालबागेजवळच्या मैदानावर विज्ञानाचं प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या कमिटीतही होते. त्यांना कल्पना फार आवडली. उद्घाटनाला चंद्रगाडीचं बारसं! खरा पाळणा, वर झेंडूच्या माळा, आणि मिलमालकाच्या बायकोच्या हस्ते नाव. इंदुरात असं कोणी केलं नव्हतं.

प्रदर्शनाला दहा दिवस होते तेव्हा दिनानाथ गेला. सकाळी, चहाचा कप हातात असताना. वय छत्तीस. मागे बायको अरुंधती आणि दोन मुली, आठ वर्षांची आणि पाच वर्षांची. मी खाटेखाली होते. मला चावी दिलेली होती, पण सोडणारा हात गेला. कमान चार दिवस माझ्या पोटात ताणलेली राहिली. मग मोठ्या मुलीचा पाय लागला आणि मी खोलीभर धावत सुटले. अरुंधती तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

माणसांचं एक मला कळत नाही. माणूस खोकत असतो तेव्हा त्याच्या बाजूला बसायला कोणाला वेळ नसतो. तो मेला की त्याच्या वस्तूचं नाव काय ठेवायचं यासाठी नवव्या दिवशी चार माणसं दुपारचं जेवण टाकून येतात.

तर नववा दिवस. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. अप्पासाहेब हातात एक चिठ्ठी घेऊन आले होते. कामगार मेला की मिलची खोली महिन्याभरात सोडायची असा नियम. चिठ्ठीत लिहिलं होतं की दिनानाथच्या मुली शिकून मोठ्या होईपर्यंत सोळा नंबरची खोली त्याच्या बायकोकडे राहील. खाली मॅनेजरची सही. आणि तोंडी निरोप असा की गाडीचं नाव मालकांच्या स्वर्गवासी मातुःश्रींचं असावं. केसरदेवी.

“दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही,” अप्पासाहेब म्हणाले.

“नाही ना? मग चिठ्ठी ठेवा आणि निरोप परत न्या,” इंदुमती म्हणाली.

अप्पासाहेबांनी चिठ्ठी खिशात घातली. एवढा संबंध होता.

रघुवीर ब्रश घेऊन दारात बसला होता. वातावरण हलकं करावं म्हणून बिचारा म्हणाला, “ताई, अपन तो कहते हैं, बीच का रास्ता निकालो. चंद्रिका ठेवा. कोणाचंच नाही.”

“चंद्रिका तुझ्या सासूला ठेव. तिला तरी जरा उजेड पडेल.” मग इंदुमती अप्पासाहेबांकडे वळली. “हिचं नाव दिनानाथ. ज्यानं केली त्याचं.”

“गाडीला पुरुषाचं नाव? लोक हसतील, इंदुताई.”

“मेलेल्या बाईचं चालतं आणि मेलेल्या बाप्याचं चालत नाही? का मालकाचं मेलेलं माणूस जास्त मेलेलं असतं?”

मग ते भंगाराचं निघालं, कापसाचं निघालं. ते सुरुवातीलाच ऐकलंत. अप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. काठी टेकून ते उभे राहिले आणि त्यांनी शेवटचं काढलं.

“हे बघा, मी शास्त्राचं बोलतो. या घराला सुतक आहे. अजून दहावं व्हायचंय. सुतकातल्या माणसानं बारशात नाव घ्यायचं नसतं. तुम्ही कोणीच नाव ठेवू शकत नाही. ते शेठाणीच ठेवणार. बात खतम.”

अरुंधतीनं मान खाली घातली. इंदुमती मात्र पदर खोचून उभी राहिली. मी पत्र्याची असून मला कळलं की आता काहीतरी फुटणार.

“अप्पासाहेब, बारसं कोणी काढलं? मी? पाळणा कोणी मागवला? तुम्ही. नुसती पाटी लावली असतीत तर मला तोंड उघडायला जागा नव्हती. पाळणा बांधलात तिथं फसलात. पाळण्यातल्याचं नाव कोण ठेवतं? आत्या. शेठाणी हिची कोण लागते?”

“पण सुतक—”

“सुतक या घराला दहा दिवसांचं. मला किती? सांगा ना, शास्त्र तुमचंच.”

अप्पासाहेब काठीची मूठ चोळत राहिले.

“मी सांगते. लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवस. माझं गोत्र बदललं. सोळाव्या वर्षी तुम्हीच सगळ्यांनी अक्षता टाकून सांगितलंत, आता ही पोर या घराची नाही. भावाला तिरडीवर घातला तेव्हासुद्धा मी पाहुणी म्हणून कडेला उभी होते. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, सुटले. आज मी स्वच्छ आहे. हिची आत्या आहे. नाव मी ठेवणार.”

“वाह ताई!” रघुवीरच्या तोंडून निघून गेलं.

अप्पासाहेब हळूच खाली बसले. हरलेला माणूस फार शांत बोलतो. “बरोबर आहे. ठेवा. तुमचा हक्क आहे. मी चिठ्ठी परत नेतो.”

तेव्हा अरुंधती बोलली. नऊ दिवसांत ती दहा वाक्यं बोलली नव्हती.

“वन्सं, तुम्ही जिंकलात. आता संध्याकाळच्या आत घरी जाल तुम्ही. मी या दोघींना घेऊन कुठं जाऊ? तुमच्याकडे?”

इंदुमतीच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती आणि त्यांतलं एकही तिच्या हुकमातलं नव्हतं. हे अरुंधतीला माहीत होतं. इंदुमतीलाही.

“त्यांचं नाव मला नको होय?” अरुंधती म्हणाली. “मी त्यांची बायको आहे. पण नावाखाली झोपता येत नाही हो.”

आज मी एका गोदामात आहे, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या बॅनरांच्या मागे. प्रदर्शनात लोकांनी मला टाळ्या वाजवल्या, दोन वर्षं मी ऑफिसच्या काचेच्या कपाटात होते, मग कपाट फायलींना लागलं. पोटातली कमान तुटली. एका डोळ्याची काच गेली. छातीवर रघुवीरनं रंगवलेली पाटी आहे, धुळीनं भरलेली. कधी तुमच्यापैकी कोणी मला भंगारात विकायला काढाल, आणि धूळ पुसून ते नाव वाचाल. हसू नका. कोणाची लाचारी म्हणूनही वाचू नका. ती अक्षरं कशी उमटली ते मी पाहिलंय, म्हणून एवढी बडबड केली.

तर त्या दुपारी, अरुंधतीचं बोलणं ऐकून इंदुमती पाटापाशी आली. दोन्ही मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीच्या हातात माझी चावी होती. इंदुमतीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती वाकली, बारशात वाकतात तशी, आणि माझ्या झाकणापाशी तोंड आणलं. मी वाट पाहत होते. ती काहीच बोलली नाही. नुसता श्वास लागला, लांब आणि मोकळा. मला शिट्टी वाजणाऱ्या श्वासाची सवय होती.

ती सरळ झाली. डोळे कोरडे, मान ताठ. अप्पासाहेबांसमोर तिनं हात पसरला, चिठ्ठी त्यात पडेपर्यंत तसाच धरला, ती स्वतः वाचली, खालची सही बघितली, आणि घडी करून अरुंधतीच्या ओंजळीत दिली. मग दाराकडे वळून म्हणाली,

“लिही रघुवीर, केसरदेवीच लिही, गाडीला चंद्रावर राहायचंय, माझ्या भाच्यांना इथं राहायचंय.”